बाबांची गाडी काढून टाकायची का? ठरवण्याआधी हे करून बघा

आमच्या घरातली गाडी म्हणजे २००२ सालची पांढरी मारुती ८००. बाबांनी फंडातून कर्ज काढून घेतलेली. बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. मग तीन वर्षं चेंबूरला आमच्या इमारतीखाली गाडीही धूळ खात उभी होती आणि ती काढून टाकायची का हा प्रश्नही. त्या तीन वर्षांत करता येण्यासारख्या बहुतेक चुका मी केल्या. तुमच्यावर पहिल्यांदाच ही वेळ आली असेल, तर मी ज्या क्रमाने जायला हवं होतं तो क्रम खाली देतो.

गाडी बंद पडली त्या आठवड्यात काही ठरवू नका

जिव्हाळ्याच्या गाड्या मुंबईत दोनच मुहूर्तांवर विकल्या जातात. एक, भर पावसात अमर महालच्या पुलावर क्लचची वायर तुटते आणि मागचा बेस्टवाला हॉर्नवरून हात काढत नाही, तेव्हा. दुसरा, दसरा-दिवाळीच्या तोंडावर शोरूममधला पोरगा 'सर, ऑफर रविवारपर्यंतच आहे' म्हणतो, तेव्हा. दोन्ही वेळी आपण रागात किंवा मोहात असतो.

त्याऐवजी एक वही घ्या आणि महिनाभर गाडीची नोंद ठेवा. कधी काढली, कुठे नेली, बरोबर कोण होतं. आणि मुख्य म्हणजे, न्यायची असूनही रिक्षा किंवा ओला कधी केली आणि का. माझ्या वहीत तीस दिवसांत चार फेऱ्या निघाल्या. एक आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे, एक पेट्रोल भरायला आणि दोन निव्वळ बॅटरी उतरू नये म्हणून. म्हणजे गाडी आम्हाला फिरवत नव्हती, आम्हीच तिला फिरवून आणत होतो.

ती नेमकी कोणाची आहे ते विचारा

आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, नाव एकाचं असतं, जीव अडकलेला असतो पाच जणांचा. मी धरून चाललो होतो की आईला गाडी काढलेली अजिबात चालणार नाही. तीन वर्षं तिला विचारलंच नाही. शेवटी विचारलं तर म्हणाली, "मला त्या गाडीत उतरून बसता येत नाही रे. गुडघे भरून येतात. तुला वाईट वाटेल म्हणून बसते." आणि जिला मी हिशेबातच धरलं नव्हतं ती धाकटी बहीण मात्र फोनवर रडली. डायमंड गार्डनच्या भोवती पहाटे बाबांच्या शेजारी बसून ती त्याच गाडीवर शिकली होती.

तेव्हा प्रत्येकाला वेगळं विचारा, आणि 'काढू का?' असं विचारू नका. 'तुला या गाडीतलं काय हवंय?' असं विचारा. कोणाला वापर हवा असतो, कोणाला फोटो पुरतो, कोणाला चावीची जुनी कीचेन. बहिणीला स्टिअरिंगवर बाबांनी शिवून घातलेलं रेक्झिनचं कव्हर हवं होतं. ते तिला देऊन टाकलं आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

आता कागद

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणूनच लवकर उरका. आरसी कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्याशिवाय ती विकता येत नाही की एक्स्चेंजला देता येत नाही. नियमाप्रमाणे मृत्यूची माहिती आरटीओला तीस दिवसांत द्यायची आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. बरोबर मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. आम्ही उशीर केला, दंड भरला, वडाळ्याच्या आरटीओत चार चकरा झाल्या. इन्शुरन्सही नावावर करून घ्या, नाहीतर ऐन क्लेमच्या वेळी 'मालक कोण?' इथूनच सुरुवात होते.

मग मुदत बघा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. आमची २०१७ ला वाढवली, २०२२ ला वाढवली, पुढची वेळ २०२७ ची. कारचं हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये आहे. शिवाय पर्यावरण कर, आणि तपासणीत पास होण्यासाठी आधी करावी लागणारी डागडुजी वेगळी. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बसवून घ्यावी लागते, कारला ७४५ रुपये अधिक जीएसटी.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण सोसायटीत प्रत्येक जण तो छातीठोकपणे सांगतो. 'वीस वर्षांनी गाडी भंगारातच जाते' हा नियम मुंबईत टॅक्सीला आहे, खासगी गाडीला नाही. त्याच नियमाने प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. शेवटची ताडदेव आरटीओत ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली होती. दिल्लीतले दहा आणि पंधरा वर्षांचे नियमही इथे लागू नाहीत. उद्या काही येणारच नाही असं मात्र समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला सरकारला सांगितलं आहे.

पत्रा बघा, इंजिन नंतर

बहुतेक लोक इथे चुकतात. 'इंजिन अजून मस्त आहे हो' म्हणत राहतात. इंजिन असणारच मस्त. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन पुढे ओम्नीतही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. ऑपेरा हाउसच्या दुकानांत नवे मिळतात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं. मुंबईत गाडी मरते ती पत्र्याने. खारी हवा, चार महिने पाऊस आणि मॅटखाली साचलेलं पाणी.

ओळखीच्या गॅरेजमध्ये जा. ज्याने गेली दहा वर्षं गाडी सांभाळली त्याच्याकडे नको, त्याचाही तिच्यात जीव असतो आणि धंदाही. दुसऱ्या कोणाला तपासणीचे पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवायला सांगा आणि स्वतः खाली उभे राहा. मग एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन या जागा टोचून बघा: दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या वरची कमान, बॅटरीच्या खालचा ट्रे, डिकीत स्टेपनीचा खड्डा, सीटखालची जमीन, आणि बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना शॉकअप जिथे वर येऊन बसतात ती जागा. दाराचा पत्रा सडला तर वेल्डिंग करून पॅच मारता येतो. शॉकअपची जागा किंवा खालच्या दांड्या सडल्या असतील आणि टोचल्यावर पापुद्रे सुटत असतील, तर रंगरंगोटीवर एक रुपयाही घालू नका. ती गाडी खड्ड्यात मोडते.

आमच्या गाडीची सीटखालची जमीन सडली होती आणि त्याचं कारण मला तारखेनिशी माहीत होतं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी बाबा कलिन्याला अडकले. पाणी सीटला लागलं तसे काच हाताने फिरवून खाली केली, दार ढकलून बाहेर पडले आणि गाडी तिथेच सोडून छातीभर पाण्यातून चालत आले. काही लोक त्या दिवशी बंद काचांच्या गाड्यांत गुदमरून गेले. म्हणून आमच्या घरात त्या हाताने फिरवायच्या काचेबद्दल एक वेगळीच कृतज्ञता आहे. तिसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली, सीट काढून गच्चीवर वाळवल्या. कार्पेटखालचा गाळ मात्र तेव्हा पूर्ण निघालाच नव्हता. मेकॅनिकने पत्रा टोचला तेव्हा त्याच जागी भोक पडलं.

मेकॅनिककडून यादी लिहून घ्या आणि तिचे तीन भाग करा: जिवाला धोका, चालायला गरज, हौस. ब्रेकचे पाइप, टायर, सस्पेन्शनचे बुश पहिल्यात. टायर घासलेले नसले तरी बाजूच्या भिंतीवर भेगा असतील तर बाद. रबराचे पेट्रोल पाइप आणि वॉशरही बदलायला सांगा. हल्ली पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांचं रबर त्या हिशेबाने बनवलेलं नाही. खर्च फार नाही, पण पेट्रोल गळू लागलं तर खेळ नाही.

जागेचा प्रश्न

पुण्यात किंवा गावाला हा प्रश्न भावनेचा असू शकतो. मुंबईत तो चौरस फुटांचा आहे. जुनी ठेवून नवीही घेऊ, असं म्हणणाऱ्याने आधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटावं. दुसऱ्या गाडीचं पार्किंग मिळतं का, मिळालं तर महिन्याला किती, आणि इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर नव्या इमारतीत काय मिळणार? टॉवरमध्ये हल्ली एकावर एक गाड्या चढवायचं यांत्रिक पार्किंग असतं. त्यात उंच आणि जड गाडी बसत नाही, तेव्हा नवी घेण्याआधी त्या प्लॅटफॉर्मची उंची आणि वजनाची मर्यादा विचारून घ्या. आमच्या शेजारच्या इमारतीत एकाने एसयूव्ही घेतली, ती आता रोज रस्त्यावर झोपते.

आणि जुनी गाडी वरच्या मजल्यावर चढवून ठेवलीत तर ती खाली यायची नाही, हे लिहून घ्या. ऑपरेटर शोधा, खालची गाडी हलवा, एवढं करून कोण चक्कर मारायला जातं? उभी गाडी मुंबईत टिकत नाही. दोन-तीन आठवड्यांत बॅटरी उतरते. हँडब्रेक ओढून पावसाळाभर ठेवली तर मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. टायर एका बाजूने चपटे होतात. टाकीतलं पेट्रोल ओल धरतं. आणि उंदीर! आमच्या गाडीची वायरिंग एका श्रावणात दोनदा खाल्ली. रस्त्यावर कव्हर घालून ठेवाल, तर एक दिवस महापालिकेची नोटीस काचेवर चिकटते आणि बेवारस म्हणून गाडी उचलली जाते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर चालवणार असाल तर ठेवा. चालवणार नसाल तर जो चालवेल त्याला द्या. बाबांची आठवण म्हणून तिला इमारतीखाली सडवणं, हे बाबांनी बघितलं असतं तर मला रागावले असते.

पैशांचा हिशेब, पण सरळ

'गाडीची किंमत तीस हजार आणि खर्च चाळीस हजार, वेडा आहेस का?' हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल. ही तुलनाच चुकीची आहे. तुम्ही ती तीस हजारांना विकणार नाही आहात, तुम्ही तिच्या जागी दुसरी आणणार आहात. तेव्हा जुनीचा एका वर्षाचा सगळा खर्च एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला नवीचे बारा हप्ते, पहिल्या वर्षाचा इन्शुरन्स आणि किमतीतली घट. नुसत्या रुपयांत बघितलं तर ज्या गाडीला हप्ता नाही ती जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. म्हणून 'परवडत नाही' हे कारण देऊन काढू नका.

खरी कारणं वेगळी असतात. आमच्या ८०० ला एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारला तर चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. आज नव्या गाडीत पुढच्या दोन्ही एअरबॅग आणि एबीएस कायद्याने असतातच. त्या पत्र्यात बसवून मुलांना एक्स्प्रेसवेवर नेणं मला पटत नाही, मग गाडी कितीही लाडकी असो. आईचे गुडघे हे दुसरं कारण.

बदली गाडी बघताना

सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे, त्यामुळे लहान गाडीच्या जुन्या किमती डोक्यात असतील तर त्या विसरा. रस्ता कर मात्र महाराष्ट्रात भरपूर आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे सात लाखांच्या गाडीला ७७ हजार. शोरूमने ऑन-रोड किंमत सांगितली की प्रत्येक ओळ सुटी करून मागा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रुंद रस्त्यावर घेऊ नका. गाडी घरी मागवा, तुमच्या गल्लीतून काढा, तुमच्या गेटमधून आत घाला, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला चढ-उतार करायला सांगा. आई पाच गाड्यांत बसली. सेल्समन पडद्याचा आकार आणि सनरूफ दाखवत होता, ती फक्त सीटची उंची बघत होती.

एक्स्चेंजच्या भावात एक जुनी गंमत आहे. नव्या गाडीवर सूट किती हे आधी विचारा, जुनी आहे हे न सांगता. ती लिहून घ्या. मग जुनीचा भाव विचारा. मला एका ठिकाणी 'एक्स्चेंज बोनस' म्हणून जे दिलं, तेवढंच नवीच्या सवलतीतून कापलं होतं. बाहेरचे दोन भाव हातात असल्याशिवाय शोरूमला हो म्हणू नका. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीला कुठेच फार येत नाहीत, तेव्हा पाच हजार इकडेतिकडे झाले तरी ती कोणाकडे जाते हे बघितलेलं बरं. एक्स्चेंजला दिलेली गाडी पुढे कुठे जाते हे कोणी सांगत नाही.

ठेवायची ठरवलीत तर

दर रविवारी सकाळी चालवा, एसी पाच मिनिटं लावा, हँडब्रेकऐवजी गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावा. गॅरेजच्या यादीच्या पहिल्या भागातलं सगळं काम एकदम करा, हौसेचं वर्षभराने. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असेल, तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, 'व्हीए' अक्षरांच्या नंबर प्लेटसकट. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. नोंदणीची पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा, अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो.

द्यायची ठरवलीत तर

गाडी घेणाऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना तारीख आणि घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवू नका, एजंट कितीही घाई करो. गाडी दिल्याची पावती वेळेसकट घ्या आणि परिवहनच्या पोर्टलवर नाव बदललं की नाही ते स्वतः बघा. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर अपघाताची भरपाई तुमच्याकडून मागितली जाऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. फास्टॅग बंद करा. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो, त्याचं पत्र घ्या आणि नव्या पॉलिसीला लावा. गाडी अगदीच गेलेली असेल तर कुर्ल्याच्या भंगारवाल्याला न देता अधिकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नवी घेताना करात सवलत मिळते आणि नोंदणीही रीतसर रद्द होते.

आमची गाडी अलिबागला मावसभावाकडे गेली. तो शाळेत शिक्षक आहे, रोज बावीस किलोमीटर चालवतो. सीटखालची जमीन त्याने तिथल्या वेल्डरकडून नवी करून घेतली, माझ्याकडे मागितले होते त्याच्या निम्म्या पैशांत.

द्यायच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण रिकामी करा. सीट सरकवा, डॅशबोर्डचा कप्पा खाली ओता. आमच्यात चार रुपयांची नाणी, वाळलेलं झेंडूचं फूल आणि बाबांच्या अक्षरातली पेट्रोलची नोंदवही निघाली. वही ठेवली. त्या भरात बाबांचा चाकाचा पानाही आठवण म्हणून काढून घेतला, मूठ झिजून गुळगुळीत झालेली. दोन आठवड्यांनी रात्री साडेनऊला वडखळहून मावसभावाचा फोन आला, टायर पंक्चर, जॅक आहे, पाना सापडत नाही. तेव्हा पाना गाडीबरोबरच द्या.